थिओफायलीनची मात्रा आणि रक्तातील पातळी

औषधाच्या प्रमाणास मराठीत 'मात्रा' म्हणतात. जेवढी मात्रा तेवढा गुण, हे त्या शब्दाबरोबर आपण नकळत गृहीत धरतो. दम्यावर दीर्घकाळ देण्यात येणाऱ्या थिओफायलीनच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. आल्ब्रेख्ट कॉसेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये चहाच्या पानांतून वेगळे केलेले हे द्रव्य रासायनिक दृष्ट्या कॅफीनचे भावंडच होय. श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडांमुळे ते आता मागे पडले असले, तरी स्वस्त असल्याने पुरते हटलेले नाही. रक्तद्रवात लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम ही पातळी प्रदीर्घ काळ इष्ट मानली जाई. पुढे ५ ते १५ पुरेत, असे मत रूढ झाले. वीसच्या वर मळमळ, ओकाऱ्या, छातीत धडधड आणि त्याहून वर आचके. मळमळीची पूर्वसूचना न मिळता एकदम आचकेच येऊ शकतात, ही यातील खरी भीती.

सारखीच मात्रा घेणाऱ्या दोघांत पातळी भिन्न का? या औषधाचे विघटन मुख्यतः यकृतातील एका एंझाइमाकडून होते आणि त्याचा वेग माणसागणिक बदलतो. रक्तातील औषध निम्म्यावर येण्यास निरोगी प्रौढास सुमारे ८ तास लागतात, लहान मुलास ३ ते ४, तर अकाली जन्मलेल्या अर्भकास २० हूनही अधिक. यकृताच्या व हृदयाच्या विकारांत हा काळ लांबतो.

तंबाखूचा प्रकार विशेष उद्बोधक आहे. धूम्रपान करणाऱ्यात हा काळ ४ ते ५ तासांवर येतो; परंतु एंझाइमाला चेतवतात ती धुरातील हायड्रोकार्बने, निकोटीन नव्हे. म्हणजे विडी ओढणारा आणि तंबाखू मळून खाणारा हे येथे एका वर्गात बसत नाहीत. 'तंबाखूचे व्यसन आहे काय?' हा प्रश्न अपुरा ठरतो. विडी सोडणे हितकरच. मात्र सोडल्यावर थोड्याच दिवसांत पूर्वीचीच मात्रा जड होऊ लागते. क्षयावरील रिफॅम्पिसिनने पातळी उतरते, सिप्रोफ्लॉक्सॅसिनने चढते.

शिवाय एंझाइमाची शक्ती मर्यादित असते. ती पुरी पडेनाशी झाली, की मात्रा थोडी वाढवूनही पातळी त्या मानाने बरीच अधिक चढते. मात्रा बदलल्यावर पातळी स्थिरावण्यास अशी चारपाच अर्धायुष्ये जावी लागतात; सर्वसाधारण प्रौढात सुमारे दोन दिवस. त्याआधी रक्त तपासून पातळी कमी दिसते म्हणून मात्रा पुन्हा वाढवणे धोक्याचे.