एक नोंद सापडली, म्हणजे उत्तर सापडले का?

गेल्या महिन्यात एक तरुण आई अकरा महिन्यांच्या बाळाला घेऊन दवाखान्यात आली. बरोबर सासूबाई होत्या. सर्दी-खोकल्याचे औषध लिहून झाल्यावर मी बाळाचे लसीकरणाचे कार्ड पाहिले. गोवर-रुबेलाच्या लसीची जागा कोरी होती. कारण विचारताच आईने मोबाईल माझ्यापुढे धरला. 'डॉक्टर, या लसीने मुलांना ऑटिझम होतो म्हणतात. ही ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकेतल्या सरकारी यादीत आहे.'

पडद्यावर खरोखरच 'पबमेड'मधील एका नोंदीचे छायाचित्र होते. मात्र त्यात लेखाचा फक्त सारांश दिसत होता. वरचा भाग कापलेला होता.

हे पबमेड काय आहे, ते आधी पाहू. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील बेथेस्डा येथे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय आहे. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतील लेखांची सूची १८७९ पासून छापील स्वरूपात निघत असे. पुढे ती संगणकावर आली आणि १९९७ पासून इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली झाली. आज तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत लेखाचे शीर्षक, लेखक, नियतकालिक, वर्ष आणि बहुधा सारांश असतो. संपूर्ण लेख मात्र दर वेळी फुकट मिळतोच असे नाही.

वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही सूची आहे, निकालपत्र नव्हे. ग्रंथालय लेखाची नोंद ठेवते, तो खरा असल्याची हमी देत नाही.

मी त्या दोघींना समोर बसवले आणि संगणकावर तीच नोंद उघडली. लेख १९९८ सालचा, 'द लॅन्सेट' या नामांकित ब्रिटिश नियतकालिकातला. मुले किती तपासली? अवघी बारा! आणि शीर्षकाच्या आधीच मोठ्या अक्षरांत शब्द होता, 'रिट्रॅक्टेड', म्हणजे मागे घेतलेला. 'लॅन्सेट'ने हा लेख २०१० साली रद्द केला आणि त्याच वर्षी त्याचे मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. छायाचित्रातून नेमका हाच भाग कापला गेला होता.

मग आम्ही गोवर, लस आणि ऑटिझम हे तीन शब्द इंग्रजीत एकत्र घालून नव्याने शोध घेतला. एकच शब्द घातला तर हजारो नोंदी अंगावर येतात. दोन-तीन शब्द जोडले की नेमक्या नोंदी हाती लागतात. आपण घातलेल्या बोली शब्दाला शास्त्रीय शब्दाची जोड हे यंत्र बऱ्याचदा स्वतःच देते. 'हार्ट अटॅक' लिहिले तरी 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'खालच्या नोंदी मिळतात, त्या यामुळेच. शिवाय यादी वर्षानुसार लावता येते, आणि अनेक अभ्यास एकत्र तपासणारे आढावा-लेख वेगळे काढता येतात.

आता समोर आले ते पाहा. डेन्मार्कमध्ये २००२ साली ५,३७,३०३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१९ साली त्याच देशातून ६,५७,४६१ मुलांचा दुसरा. दोन्हींचा निष्कर्ष एकच: गोवर, गालगुंड व रुबेलाच्या लसीमुळे ऑटिझमचा धोका वाढत नाही. एका पारड्यात बारा मुले, दुसऱ्यात लाखो!

मग हा समज इतका टिकतो का? ऑटिझमची लक्षणे अनेकदा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास आईवडिलांच्या ध्यानात येतात, आणि लसीचे दिवसही त्याच सुमाराचे. एकापाठोपाठ घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले, असे मन जोडून टाकते.

गोवर मात्र खरा आहे. न्यूमोनिया, जुलाब, मेंदूला सूज, कधी अंधत्व, ही त्याची देणगी. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली, ती वाचकांना आठवत असेल. त्या साथीत बालके दगावलीही.

तेव्हा घरात कोणी इंटरनेटवर वैद्यकीय माहिती शोधत असेल, तर चार प्रश्न जरूर विचारावेत. लेख कोणत्या वर्षीचा? अभ्यास किती जणांवर? तो माणसांवर केला की उंदरांवर? नंतर मागे तर घेतला नाही ना? आणि कोणी नोंदीचे छायाचित्र पाठवले, तर मूळ नोंद स्वतः उघडून पाहावी. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक असतो. तो घातला की ती तत्काळ सापडते. इंग्रजीची अडचण असेल तर तो क्रमांक लिहून आपल्या डॉक्टरांकडे न्यावा. विचारायला संकोच करू नये. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये, लसही लांबवू नये.

त्या दिवशी सासूबाई सगळे ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, 'मग असले कापलेले तुकडे लोक पाठवतात तरी कशाला?' या प्रश्नाचे उत्तर काही पबमेडवर मिळत नाही. बाळाला लस टोचली, ते जरासे रडले आणि आजीच्या खांद्यावर झोपी गेले. दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते. ती तारीख मी कार्डावर लिहून दिली आहे.