मांडवीच्या गल्ल्यांतून, एकटीने

भूजहून निघालेली बस साठेक किलोमीटरचे अंतर कापून मांडवीच्या स्थानकात थांबली, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. धाकट्या चिरंजीवांनी भूजपासून पुढे गाडी व वाटाड्या यांची व्यवस्था करून ठेवली होती. ती मी तेथेच नम्रपणे परत केली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रथमच एकटीने प्रवासास निघावे आणि गाव मात्र मोटारीच्या काचेआडून पाहावे, हे मनाला पटेना. दोन दिवस, एक पिशवी, उकळलेल्या पाण्याची बाटली आणि पाय, एवढ्यावरच भिस्त होती.

आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी याच बंदरातून मुंबईस व तेथून सांगलीच्या हळदपेठेत आले. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. मुंबईत मस्जिद बंदरालगतचा मांडवी भाग आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. कच्छची मांडवी पाहिलेले मात्र आमच्या घरात आता कोणी उरलेले नाही.

सोळाव्या शतकात कच्छचे राव पहिले खेंगारजी यांनी रुक्मावती नदीच्या मुखाशी हे नगर वसविले. भोवतीच्या जुन्या तटाचे आता काही अवशेषच दिसतात. नदीकाठी मात्र जे दिसते ते पाहून पाऊल थबकते. चिखलात, टेकूंच्या आधारावर, तीन-चार मजली घराएवढी लाकडी गलबते उभी असतात. जवळजवळ चारशे वर्षे हा उद्योग येथे चालू आहे. फळ्यांसाठी सागवानी जातीचे नव्हे, तर बहुधा मलेशियाहून आणलेले साल लाकूड वापरतात. आतील वाकड्या फासळ्यांसाठी बाभळीचे. दोन फळ्यांमधील फटीत कापूस ठासून भरतात. कागदावरचा नकाशा बहुधा नसतोच. मिस्त्रीच्या नजरेत जहाज आधीच तयार असते. एका गलबतास दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो आणि मोठ्या भरतीची वेळ साधून ते पाण्यात उतरवितात. सावलीत बसलेल्या एका वृद्ध कारागिराने माझी मोडकी कच्छी ऐकून विचारले, "बेन, बरोबर कोण आहे?" दिवसभरात हाच प्रश्न मला अनेकांनी विचारला. पहिल्या दोन वेळी मी लांबलचक खुलासा दिला. तिसऱ्या वेळेपासून "कोणी नाही" एवढेच म्हणू लागले.

त्या काकांनी वाऱ्यांचे गणित समजावून सांगितले. हिवाळ्यात ईशान्येचे वारे शिडात भरून गलबते मस्कतकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जात. नैऋत्येचे वारे सुरू झाले की परतीची वाट धरीत. म्हणजे गेलेला माणूस कित्येक महिने परतत नसे. जाताना कापूस व कापड, येताना खजूर, लवंगा आणि हस्तिदंत.

या शेवटच्या शब्दाने मी चपापले, कारण याच कारणासाठी मी खरे तर येथे आले होते. आमच्या कपाटात पणजीसासूबाईंचा हस्तिदंती चुडा आहे. पुढील महिन्यात धाकटीचे लग्न. ज्येष्ठांची इच्छा की वधूने तो मुहूर्तापुरता तरी हातात घालावा.

दुपारी मी जुन्या शहरात शिरले. कोरीव लाकडी सज्जांच्या, युरोपीय धाटणीच्या नक्षीने सजलेल्या हवेल्या, कित्येकींना कुलपे. वाफेची जहाजे आली, मुंबई बंदर वाढले आणि येथील व्यापाऱ्यांनी बिऱ्हाड हलविले. याच गावी 1857 साली जन्मलेले श्यामजी कृष्णवर्मा 1930 साली जिनिव्हात वारले. त्यांच्या अस्थी मायदेशी आल्या 2003 मध्ये. मांडवीतून गेलेल्यांच्या परतीच्या कथा अशाच उशिराच्या.

बांगड्यांच्या एका लहानशा दुकानात मी हस्तिदंताविषयी विचारले. दुकानदार वयस्क होते. त्यांचे पूर्वज चरकावर हस्तिदंताच्या बांगड्या उतरवीत. झांझिबारहून आलेला दात करवतीने आडवा कापायचा, मग एकात एक बसणाऱ्या चकत्या काढायच्या. एका चुड्याला दाताचा किती मोठा भाग लागतो, हे त्यांनी स्वतःच्या कोपरापासून मनगटापर्यंत बोट फिरवून दाखविले. गुजरात-कच्छच्या नववधूंची हौस, म्हणून तर तो दात समुद्र ओलांडून येई.

आपण आपल्या पूर्वजांच्या साहसाची वर्णने अभिमानाने करतो आणि ती खोटी नाहीत. सूर्यास्तानंतर अन्न न घेणारी, पाणी गाळून पिणारी ही माणसे. त्यांच्याच घरातील स्त्रीच्या हातात तो चुडा होता, आणि त्याविषयी आमच्या घरी कधी कोणी अवाक्षर काढले नाही. पणजीसासूबाईंना दोष देणे सोपे आहे, ते मी करणार नाही. त्यांनी हत्ती पाहिलाही नसेल. पण मी आता पाहिले आहे, निदान त्या म्हाताऱ्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतचे अंतर.

विजयविलास राजवाडा गावापासून दूर. पायीच फिरण्याच्या हट्टापायी तो राहून गेला. खंत वाटली नाही. सूर्यास्ताआधी कच्च्या केळ्याची दाबेली मात्र मिळाली. ज्या गावी दाबेली जन्मली, तेथे बटाट्याशिवाय ती मागताना दुकानदाराने भुवईसुद्धा उंचावली नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसपूर्वी मी पुन्हा त्या बांगड्यांच्या दुकानी गेले. रबारी स्त्रिया आता प्लॅस्टिकचाच पांढरा चुडा घालतात, तो त्यांच्याकडे रांगेने मांडलेला होता. त्यांनी माप विचारले. धाकटीचे माप मला ठाऊक नव्हते. घरी दूरध्वनी करून विचारावे, तर कशासाठी ते सांगावे लागले असते, आणि ते शब्द अजून जुळले नव्हते. मी माझाच हात पुढे केला.