यंत्रांचा घसारा आणि विद्यार्थ्यांचे वर्ष

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावरील अक्कलकुवा हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव. नंदुरबार जिल्ह्यातील या गावाला रेल्वे नाही. परंतु औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयातील विद्यार्थ्याने एखाद्या औषधाचे सूक्ष्म कण तयार केले, तर त्यांचा आकार आणि पृष्ठभाग दाखविण्यासाठी त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेले चित्र लागते. कोट्यवधी रुपयांचे ते यंत्र प्रत्येक महाविद्यालयाने विकत घ्यावे, असे कोणीही म्हणणार नाही. तेव्हा कुपीत बंद केलेला नमुना दूरच्या शहरातील सामाईक प्रयोगशाळेकडे जातो. तेथून 'यंत्र बंद आहे' एवढेच उत्तर आले, तर शहरातला विद्यार्थी दुसऱ्या प्रयोगशाळेचे दार ठोठावतो. अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्याचे मात्र सत्र वाया जाते, प्रबंध लांबतो आणि कधीकधी शिष्यवृत्तीची मुदतही उलटून जाते.

महागडी उपकरणे एकत्र ठेवून सर्वांनी वापरावीत, हा विचार नवा नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने सत्तरच्या दशकात याच हेतूने प्रादेशिक उपकरण केंद्रांची योजना आखली. मुंबईच्या आय.आय.टी.मधील केंद्र १९७६ सालचे. देशभरातील संशोधन-उपकरणांची माहिती एकत्र मिळावी म्हणून जानेवारी २०२० मध्ये 'आय-स्टेम' ही संगणकीय व्यवस्थाही सुरू झाली. योजना निर्दोष आहे. तथापि सामाईक विहिरीचे पाणी सारे भरतात, गाळ काढण्याची वेळ आली की मात्र एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, हा गावोगावचा अनुभव प्रयोगशाळेच्या दाराशी थांबत नाही.

हा गाळ साचतो तरी कसा? जुना पितळी सूक्ष्मदर्शक घरातल्या जात्यासारखा पिढ्यानपिढ्या चालतो. भिंग स्वच्छ ठेवले आणि पेचांना तेल दिले की झाले. संगणक-नियंत्रित यंत्राचे तसे नाही. त्यातील निर्वात नलिका, भिंगे आणि चुंबक वीस-वीस वर्षे टिकतात, पण त्यांना हुकूम देणारा संगणक त्याआधीच कालबाह्य होतो. 'विंडोज एक्सपी' या प्रणालीचा आधार निर्मात्या कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला, 'विंडोज सेव्हन'चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि 'विंडोज टेन'चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. यंत्राचे नियंत्रण-कार्ड जुन्या संगणकातच बसते, नव्यात त्याला खाचच नसते. आणि नव्या प्रणालीवर चालणारी आज्ञावली जुन्या यंत्रासाठी करण्यात निर्मात्याला स्वारस्य नसते. अशा रीतीने काही हजारांचा संगणक बिघडतो आणि कोटीचे यंत्र धूळ खात पडते.

या दुखण्यावर घरगुती औषधे आहेत. जुना संगणक महाजालापासून तोडून ठेवावा, त्याच्या तबकडीची हुबेहूब प्रत काढून कुलपात ठेवावी, विषाणू वाहून आणणाऱ्या पेन ड्राइव्हना मज्जाव करावा, बाद झालेल्या यंत्रांचे सुटे भाग भंगारात न घालता जपून ठेवावेत. दक्ष तंत्रज्ञ हे सारे करतात. पण ही औषधे आयुष्य चार-सहा वर्षे वाढवितात, मरण टाळीत नाहीत. म्हणून मूळ प्रश्न हिशेबाचा आहे.

समजा, एक यंत्र एक कोटी रुपयांचे असून त्याचे उपयुक्त आयुष्य दहा वर्षांचे आहे. वर्षाचा घसारा झाला दहा लाख. वार्षिक देखभाल करार सात लाखांचा धरू. वीज, तंत्रज्ञाचे वेतन आणि शंभरएक तासांत जळणाऱ्या टंगस्टनच्या तारा मिळून आठ लाख. एकूण पंचवीस लाख. वर्षाचे २५० दिवस रोज पाच नमुने तपासले, तर १,२५० नमुने होतात. प्रत्येकाचा खरा खर्च दोन हजार रुपये. विद्यार्थ्याकडून पाचशे घेतले, तर जमा सव्वासहा लाख, म्हणजे देखभाल कराराइतकीही नाही. आणि यंत्र निम्मे दिवस बंद राहिले, तर खर्च फारसा न घटल्याने नमुन्यामागे तोच खर्च चार हजारांच्या घरात जातो. न चालणारे यंत्र हे सर्वांत महाग यंत्र होय.

शासकीय हिशेब रोख तत्त्वावर ठेवला जातो. त्यात घसाऱ्याला जागाच नाही. ज्या संस्था ताळेबंदात घसारा दाखवितात, त्यांच्याकडेही बहुधा तो आकड्यापुरताच असतो; तेवढी रक्कम बाजूला काढलेली नसते. भांडवली अनुदान मार्चअखेर खर्ची पडते, यंत्राची पूजा होते, छायाचित्र छापून येते. महसुली खर्चाची वेळ आली की 'तरतूद नाही' हा शेरा ठरलेला. उद्घाटनाला पाहुणे मिळतात, दुरुस्तीला मिळत नाहीत.

मग शुल्क दोन हजार करावे काय? कारखान्यांकडून येणाऱ्या नमुन्यांसाठी ते अवश्य करावे, किंबहुना अधिकही. विद्यार्थ्यावर हा भार टाकला, तर ज्यांच्यासाठी सामाईक व्यवस्था उभारली तेच प्रथम बाहेर पडतील. परंतु स्वस्त शुल्काचा भुर्दंड यंत्राच्या माथी मारणे ही दयाही खोटीच. सवलत द्यायची तर ती अनुदानाच्या रूपाने विद्यार्थ्याला द्यावी आणि प्रयोगशाळेला खर्च पूर्ण मिळावा. खरेदीच्या मंजुरीतच दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम धरावी, आणि जमा शुल्काचा ठरावीक हिस्सा बदली-निधीत जावा. त्याला अन्य कामासाठी हात लागू नये.

यंत्र बदलायचे केव्हा, याचाही नियम हवा. दुरुस्तीचा आणि बंद दिवसांचा वार्षिक खर्च मिळून नव्या यंत्राच्या वार्षिक भारापेक्षा अधिक झाला, की जुन्याला निरोप द्यावा. तोवर नव्याचा हव्यास धरू नये. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांना उपकरण-खरेदीचे नियम सैल करून दिले आणि कुलगुरू व संचालकांचे अधिकार वाढविले. हे स्वागतार्हच आहे. पण खरेदी सुलभ झाली आणि देखभाल दुर्लभच राहिली, तर बंद यंत्रांची संख्या तेवढी वाढेल.

वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल मोजला आणि 'अनुशेष' हा शब्द सर्वतोमुखी झाला. पुढे मात्र किती इमारती बांधल्या, किती उपकरणे घेतली, यावरच अनुशेष भरल्याचे मानण्याची सवय जडली. अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्याला यंत्र कोठेतरी आहे याचा उपयोग नाही. त्याचा नमुना पोहोचेल त्या दिवशी ते चालू असण्याचा आहे. प्रत्येक सामाईक प्रयोगशाळेने वर्षाअखेर यंत्रांच्या किमतीबरोबर ती किती दिवस चालली आणि तालुक्याच्या गावांतून आलेल्या किती नमुन्यांची उत्तरे वेळेत गेली, हे दोन आकडे जाहीर करावेत. अनुदान मागणाऱ्याने ते दाखवावेत आणि देणाऱ्याने ते पाहिल्याशिवाय सही करू नये.