उंची कीं वेग?

अमेरिकेंत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्यांत पायांचें काम धांवण्यापुरतें व क्वचित् लाथ मारण्यापुरतेंच असतें. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. आणि तो बहुतेक वेळ हातांतच असतो. शंभर वार लांब व सुमारें त्रेपन्न वार रुंद अशा मैदानावर अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. क्वार्टरबॅक नांवाचा गडी चेंडू दूर फेंकतो, आणि रांगेच्या अगदीं टोकाला, गर्दीपासून अलग उभा असलेला दुसरा एक गडी धांवत जाऊन तो झेलतो. या दुसऱ्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. प्रतिपक्षाचा एक रक्षक सावलीसारखा त्याच्या मागें असतो. झेल साधला तर संघ पुढें सरकतो, नाहीं तर एक संधि फुकट जाते. आणि दहा वार पुढें जाण्यासाठीं संधि मिळतात अवघ्या चार.

असा गडी पारखावा कसा, हा प्रश्न तेथील संघांना दरवर्षीं पडतो. व्यावसायिक संघ बत्तीस आहेत. विद्यापीठांतून बाहेर पडणारे तरुण खेळाडू त्यांच्यांत वाटून देण्यासाठीं १९३६ सालापासून ‘ड्राफ्ट’ नांवाची निवड होत आली आहे. गेल्या हंगामांत जो सर्वांत वाईट खेळला त्याला पहिला मान आणि विजेत्याला शेवटचा, अशा सात फेऱ्या होतात. हा लिलाव नव्हे. क्रमांकांची अदलाबदल करतां येते, परंतु थैली मोकळी सोडून हवा तो तरुण पळवितां येत नाहीं. म्हणून पहिल्या फेरींतील एक क्रमांक म्हणजे संघाची वर्षाची पुंजी. ती अस्थानीं खर्च झाली तर चूक भरून निघण्यास कित्येक हंगाम जातात, प्रशिक्षकाच्या नोकरीवर गदा येते, आणि त्या तरुणाच्या कपाळीं ऐन पंचविशींत अपयशाचा शिक्का बसतो.

निवडीपूर्वीं फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिस शहरीं या तरुणांची परीक्षा होते. उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी हीं सर्व मोजतात. पण खरा गाजावाजा होतो तो ४० वार, म्हणजे सुमारें साडेछत्तीस मीटर, धांवण्याचा. हें अंतर साडेचार सेकंदांच्या बरेंच आंत कापणारा रिसीव्हर वेगवान समजला जातो. वादाला तोंड फुटतें तें येथें. सहा फूट चार इंचांचा धिप्पाड गडी घ्यावा, कीं त्याच्याहून वीतभर ठेंगणा पण वाऱ्यासारखा पळणारा घ्यावा?

वेगानें काय मिळतें तें आधीं पाहावें. भरवेगांत असलेला गडी सेकंदाला सुमारें दहा वार जातो. म्हणजे घड्याळांतील दशांश सेकंदाचा मैदानावर एक वार होतो. रक्षकाची बोटें चेंडूला लागणें आणि न लागणें यांमध्यें पुष्कळदां एवढेंच अंतर असतें. वेगाचा दुसरा लाभ मात्र झेलांच्या हिशेबांत कोठेंच दिसत नाहीं. टोकिओ येथील १९६४ च्या ऑलिंपिकमध्यें १०० मीटरची शर्यत जिंकणारा बॉब हेझ पुढील वर्षीं डॅलस संघांतून खेळूं लागला, तेव्हां त्याला एकट्यानें आवरील असा रक्षकच कोणाजवळ नव्हता. माणसामागें माणूस लावण्याऐवजीं मैदानाचे भाग वांटून घेऊन राखण करण्याची पद्धति बळावली, तिचें बरेंचसें श्रेय त्याला देतात. असा गडी नुसता सरळ धांवत सुटला तरी दोन रक्षक त्याच्याबरोबर मागें ओढले जातात, आणि मधली मोकळी जागा त्याच्या सोबत्यांना मिळते.

उंचीचा उपयोग निराळा आहे. उंच गड्याला रक्षकापासून सुटावेंच लागत नाहीं. रक्षक अंगाशीं असला तरी त्याच्या डोक्यावरची हवा मोकळीच असते, आणि चेंडू तेथें फेंकतां येतो. गोलरेषा जवळ आली म्हणजे हा गुण विशेष फळास येतो. त्या रेषेपलीकडची पट्टी अवघी दहा वार खोल असते. तेथें वेगवान गड्याची स्थिति अंगणांत कोंडलेल्या शर्यतीच्या घोड्यासारखी होते. वजनाचें काम आणखीच वेगळें. खेळ सुरू होतांच रक्षक रिसीव्हरला छातीवर हात देऊन रोखूं पाहतो. १९७८ च्या नियमबदलापासून पहिल्या पांच वारांपलीकडे असें अडवितां येत नाहीं. त्यापूर्वीं रक्षकाला पुष्कळच मोकळीक होती. त्या एका नियमानें हलक्या गड्यांचे दिवस पालटले असें म्हणण्यास हरकत नाहीं. तरीहि ते पहिले पांच वार उरतातच, आणि तेथें जो अडखळला त्याचा वेग वहींत राहतो.

तथापि इंडियानापोलिसची धांव सरळ रेषेंत असते, अंगावर चिलखत नसतें व पुढें रक्षक नसतो. प्रत्यक्ष सामन्यांत रिसीव्हरला भरवेगांत दोन पावलांत थांबावें लागतें, उजवीकडचा आव आणून डावीकडे वळावें लागतें. खो-खोंतील कसलेला गडी जी हुलकावणी देतो तीच ही. घड्याळ सुटण्याचा वेग मोजतें. थांबण्याचा मोजीत नाहीं.

२०१७ ची निवड या दृष्टीनें फार बोलकी आहे. सातव्या क्रमांकावर लॉस एंजेलिसच्या चार्जर्स संघानें सहा फूट चार इंचांचा माइक विल्यम्स घेतला. नवव्यावर सिनसिनाटी बेंगल्सनीं जॉन रॉस घेतला. पांच फूट अकरा इंचांच्या या तरुणानें ४० वार ४.२२ सेकंदांत कापून त्या परीक्षेचा उच्चांक केला होता. तो उच्चांक पुढें २०२४ सालीं झेव्हियर वर्दीनें ४.२१ सेकंदांनीं मोडला. रॉसच्याच वॉशिंग्टन राज्यांतील एका लहान विद्यापीठाचा कूपर कप यास मात्र ४.६२ सेकंद लागले. दोघे एकत्र धांवते तर कप सुमारें चार वार मागें पडता. अडुसष्ट नांवें पुकारून झाल्यावर लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघानें त्याला घेतलें.

रॉसला पहिल्या हंगामांत एकहि झेल मिळाला नाहीं. दुखापतींनीं त्याला छळलें हें खरें. पण सिनसिनाटींतील चार हंगामांत त्याचे सगळे मिळून ५१ झेल झाले. विल्यम्सनें दोन हंगामांत हजार वारांचा पल्ला ओलांडला. तो वाया गेला असें कोणी म्हणणार नाहीं. कपनें २०२१ च्या एका हंगामांत १४५ झेल घेऊन १,९४७ वार मिळविले. झेल, वार आणि टचडाऊन या तिन्हींत त्या वर्षीं तोच पहिला होता.

यावरून फूटपट्टी व घड्याळ फेंकून द्यावें असा अर्थ कोणी काढील, तर तोहि खरा नव्हे. सहा फूट पांच इंच उंचीचा, सुमारें २४० पौंड वजनाचा केल्व्हिन जॉन्सन ४.३५ सेकंदांत धांवला. डेट्रॉइटनें २००७ सालीं त्याला दुसऱ्याच क्रमांकावर उचललें, आणि २०१२ सालीं त्यानें १,९६४ वारांचा उच्चांक केला. परंतु उंची व वेग दोन्ही असलेला तरुण वाट पाहून मिळत नाहीं. शिवाय पारखणाऱ्यांची अतिसावधगिरीहि फसते. डीके मेटकाफ २२८ पौंडांचा असून ४.३३ सेकंदांत धांवला. पण शंकूंभोंवतीं वळणें घेण्याच्या कसोटींत तो मंद ठरला, मानेची दुखापतहि होऊन गेली होती, म्हणून २०१९ सालीं चौसष्टाव्या क्रमांकापर्यंत त्याला कोणी हात लावला नाहीं. सिॲटलनें घेतल्यावर दुसऱ्याच हंगामांत त्यानें १,३०३ वार मिळविले. वळणांत तो कमी होता खराच. संघानें त्याला सरळ धांवण्याचीं कामें अधिक दिलीं.

तेव्हां एकट्या रिसीव्हरकडे पाहून या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं. क्वार्टरबॅकचा हात लांब फेंकीचा असेल आणि बाकीचे गडी मंद असतील, तर वेगाला अधिक मोल द्यावें. गोलरेषेजवळ येऊन संघ वारंवार अडत असेल, तर उंचीला. मात्र रक्षकाला चकवून सुटण्याची कला ज्याच्यांत मुळींच दिसत नाहीं, त्याच्यावर पहिल्या फेरीचा क्रमांक खर्च करणें हा जुगार होय, मग त्याची उंची किंवा वेग कितीहि असो. जेरी राइस हा १९८५ सालीं सोळाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या धांवेचें कौतुक कोणी केलें नव्हतें. वीस हंगामांत त्यानें २२,८९५ वार मिळविले. दुसरा लॅरी फिट्झजेराल्ड त्याच्या मागें पांच हजारांहून अधिक वारांनीं राहिला आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्यें रॅम्स संघ सुपर बोल या अंतिम सामन्यास गेला. प्रतिपक्ष होता तोच सिनसिनाटी संघ. रॉस तेथून वर्षापूर्वींच गेला होता. सामना संपण्यास दीड मिनिट उरलें असतां रॅम्स मागें होते, आणि गोलरेषा एका वारावर होती. क्वार्टरबॅकनें चेंडू कपकडे फेंकला व तो त्यानें झेलला. रॅम्सनीं सामना २३ विरुद्ध २० असा जिंकला, आणि सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान कपला मिळाला.