लिफ्टच्या पिटमध्ये उतरण्याआधी

मुंबई-ठाण्यात पहिला मोठा पाऊस झाला की सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरतो : लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलंय, वॉचमनला बादली घेऊन उतरायला सांगा. त्यात कुणाला काही खटकत नाही. टाकी साफ करतात, चेंबर उपसतात, तसाच हाही एक खड्डा, अशी समजूत असते. पहिला गैरसमज हाच.

तळमजल्याच्या दाराखालचा पिट हा यंत्राचाच भाग आहे. केबिनचा आणि तिला तोलून धरणाऱ्या काउंटरवेटचा धक्का झेलणारा बफर तिथे असतो, वेगावर नजर ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या दोराची ताण देणारी पुली तिथे असते, केबिनला वीज पुरवणारी केबल लोंबत तिथवर येते. त्यामुळे तिथे उतरण्याचं काम प्रशिक्षित मेकॅनिकचं आहे. पंपाचे व्हॉल्व्ह, ड्रेनेजचे पाइप, रंगाचे रिकामे डबे यांनाही तिथे जागा नाही. व्हॉल्व्ह तिथे बसवला की तो फिरवायला प्लंबर उतरणार, आणि त्याला लिफ्टचं काहीच ठाऊक नसणार.

“मेन स्विच बंद केलाय, आता कशाची भीती?” हा दुसरा समज सगळ्यांत घातक. बहुतेक जुन्या इमारतींत मेन स्विच गच्चीवरच्या मशीन रूममध्ये असतो आणि माणूस तळाशी. वर कुणी येऊन तो स्विच चालू केला, तर खालच्याला कळायचा मार्ग नाही. म्हणूनच मेन बंद केल्यावर त्याला स्वतःचं कुलूप लावून किल्ली खिशात ठेवायची पद्धत आहे. त्यापलीकडची गोष्ट म्हणजे लिफ्टला हलायला दर वेळी वीज लागतेच असं नाही. काउंटरवेटचं वजन साधारणपणे रिकामी केबिन अधिक तिच्या क्षमतेच्या 40 ते 50 टक्के इतकं ठेवतात. आठ माणसांची लिफ्ट आपल्याकडे 544 किलोची धरतात. म्हणजे रिकाम्या केबिनपेक्षा काउंटरवेट साधारण 220 ते 270 किलोंनी जड. कुणी वरून हाताने ब्रेक सैल केला, तर वीज नसतानाही केबिन वर निघते आणि काउंटरवेट खाली येतं. पिटमधला माणूस केबिनकडे बघत असतो, धोका त्याच्या पाठीमागून उतरतो. काउंटरवेटच्या वाटेपुढे तळाशी जाळी किंवा पत्रा लावण्याचा नियम याच कारणाने आहे. काम करताना अडचण होते म्हणून तो काढून ठेवलेला दिसला, तर सेक्रेटरींनी तिथल्या तिथे विचारायला हवं.

थांबवण्याची सत्ता पिटमधल्या माणसाच्या हातात असावी, हे या सगळ्या नियमांमागचं सूत्र आहे. त्यासाठी पिटचा लाल स्टॉप स्विच. तो एकदा दाबला की दाबलेलाच राहतो, आपोआप सुटत नाही. पण तो आहे एवढं पुरत नाही. उतरून, अंधारात चाचपून तो दाबावा लागत असेल, तर त्याआधीचे काही क्षण माणूस चालू लिफ्टखाली उभा असतो. युरोपचं ईएन 81-20 आणि त्यावर आधारलेलं आयएसओ 8100-1 ही मानकं इथे सेंटिमीटरमध्ये बोलतात. पिट 1.6 मीटरपेक्षा खोल असेल तर दोन स्टॉप स्विच हवेत. वरचा दाराच्या चौकटीपासून 75 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे दारात उभं राहून हात पोचेल असा, आणि खालचा पिटच्या तळापासून 1.2 मीटरच्या आत. भारतीय मानक ब्युरोचं आयएस 17900 हे 2022 चं मानक याच आयएसओच्या धर्तीवर आहे. त्याआधी आपल्याकडे आयएस 14665 चालत असे आणि आजच्या बहुतेक लिफ्ट त्याच काळातल्या आहेत.

जाणता मेकॅनिक या स्विचवरही डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. तो आधी दार किल्लीने थोडं उघडून अडवून ठेवतो आणि कॉल बटण दाबून पाहतो. दार उघडं असताना केबिन हलली, तर दाराचं लॉक बिघडलंय, आणि मग खाली उतरायचंच नाही. ती जागची हलली नाही, तर वरचा स्टॉप स्विच दाबतो, दार बंद करतो, पुन्हा कॉल देतो. आताही ती जागेवरच राहिली, तर स्विच काम करतोय. मग दिवा लावून शिडीने खाली उतरतो आणि खालचा स्विचही दाबतो. बाहेरून बघणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटतो, आणि “लवकर आटपा हो, आजींना वर जायचंय” असा तगादाही लागतो. एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचा मेकॅनिक, दोन मिनिटांत पिटमधून बाहेर आला, तर मला उलट त्याचीच काळजी वाटते.

शिडीचा विषय निघाला की “उडी मारून उतरतात हो ते” किंवा “आमच्याकडे घडीची शिडी आहे” हे उत्तर ठरलेलं. उडी मारताना हात मोकळे नसतात आणि खाली बफर उभा असतो. चढताना तर दाराचा उंबरा किंवा ग्रीस लागलेला ब्रॅकेट धरूनच वर यावं लागतं. पिट 2.5 मीटरपेक्षा खोल असेल तर त्याला स्वतंत्र दार द्यावं, त्याहून उथळ असेल तर शाफ्टमध्येच बसवलेली, दारातून सहज हाती येणारी शिडीही चालते, असं ही मानकं सांगतात. उघडलेली शिडी केबिनच्या वाटेत येत असेल, तर ती जागेवर परत ठेवेपर्यंत लिफ्ट सुरूच होणार नाही असा विद्युत स्विच तिला हवा. गोदामातून आणलेल्या सुट्या शिडीला हे कुठून असणार?

“खाली बफर आहेत, ते वाचवतील.” बफर धक्का सोसतात तो केबिनचा. बफर पूर्ण दबल्यावरही केबिनखाली माणसाला पुरेल एवढी मोकळी पोकळी उरली पाहिजे, हा वेगळा नियम आहे. उकिडवं बसण्यासाठी 50 बाय 70 सेंटिमीटर जागा आणि एक मीटर उंची, आडवं पडण्यासाठी 70 सेंटिमीटर बाय एक मीटर जागा आणि अर्धा मीटर उंची. किती माणसांनी कोणत्या स्थितीत राहायचं, याचं चित्र पिटमध्ये लावायचं असतं. नूतनीकरणात पिटच्या तळावर टाइल्सचा किंवा वॉटरप्रूफिंगचा जाड थर चढवला की ही पोकळी तेवढी कमी होते, आणि ठेकेदाराला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पाण्याचंही तसंच. झिरपणारा पिट दर पावसाळ्यात उपसणं हा उपाय नव्हे, गळती बंद करायला हवी. तोवर निदान अतिवृष्टीच्या वेळी केबिन वरच्या मजल्यावर नेऊन वीज बंद करावी. साचलेल्या पाण्यात विजेच्या वायरी असताना पंप घेऊन आत उतरणं जिवावर बेतू शकतं.

दाराच्या त्रिकोणी किल्लीबद्दलही थोडं. किल्ली वॉचमनच्या खुंटीवर टांगलेली असणं ही कुणाला सोय वाटते. खाली पडलेला मोबाइल काढायला तीच वापरली जाते. केबिन समोर आहे असं समजून दार उघडणारा माणूस शाफ्टमध्ये पडतो. ही किल्ली प्रशिक्षित माणसाकडेच असावी.

“आमची लिफ्ट जुनी, आम्हाला नवे नियम लागू नाहीत” यात अर्धं सत्य आहे. महाराष्ट्रात 1939 च्या मुंबई लिफ्ट कायद्याच्या जागी 2017 चा उद्वाहने, सरकते जिने आणि सरकते मार्ग यांचा अधिनियम आला. नवं मानक आलं म्हणून जुनी लिफ्ट रातोरात उखडावी लागत नाही. पण दारातून हाताला येणारा स्टॉप स्विच, दुसरा स्विच, नीट उजेड देणारा दिवा, पक्की शिडी आणि काउंटरवेटपुढचा पत्रा बसवायला लिफ्ट बदलावी लागत नाही. एएमसीच्या पुढच्या भेटीत मेकॅनिकला पिटचं दार उघडायला सांगून, आपण बाहेर उभं राहून, यातलं काय आहे आणि काय नाही ते कमिटीला पाहता येईल. काय कमी आहे ते त्याच्याकडून लेखी घ्यावं आणि खर्चाचा विषय सर्वसाधारण सभेत ठेवावा. लॉबीच्या ग्रॅनाइटला तिथे मंजुरी मिळतेच की.