खिडकीतली मिरची

कविसंमेलनांच्या निमित्तानं गावोगाव जाणं होतं. अलीकडे तिथं लोक मला कवितेबद्दल कमी आणि मिरचीबद्दल जास्त विचारतात. फ्लॅटमधल्या खिडकीशी मी बियांपासून मिरचीची रोपं वाढवतो, हे मित्रांनी त्यांना आधीच सांगितलेलं असतं. प्रश्न बहुधा एकच असतो. ‘आम्ही बी टाकतो, पण ते उगवत नाही. उगवलंच तर रोप आडवं पडतं. असं का होतं?’ मी बी.ए. झालेला माणूस, शेतकी महाविद्यालयाची पायरी चढलेला नाही. पण बरीच वर्षं हा उद्योग केला आहे. जाणत्या शेतकऱ्यांकडून आणि पुस्तकांतून जे समजलं, ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे बी निर्जीव नसतं, ते झोपलेलं असतं. टरफलाच्या आत एक इवलासा अंकुर असतो आणि त्याच्या सोबत प्रवासाची शिदोरी. इस्रायलमध्ये मसाडाच्या किल्ल्यात सापडलेलं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ साली पेरलं, तेव्हा त्याला कोंब फुटला. मिरचीचं बी इतकं चिवट नाही. कोरड्या, थंड जागी ते दोन-तीन वर्षं चांगलं राहतं, नंतर त्याची उगवण घटत जाते. म्हणून पेरण्याआधी परीक्षा घ्यावी. दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. दोन आठवड्यांत सहा-सात बियांना मोड आले, तर बी चांगलं समजा. दोनच आले, तर दोष तुमच्या हाताचा नाही, बियांचा आहे.

बी जागं व्हायला तीन गोष्टी लागतात : पाणी, ऊब आणि हवा. यातली हवा आपण विसरतो. माती चिखल होईपर्यंत पाणी घातलं की मातीतल्या पोकळ्या भरून जातात, अंकुराला श्वास घेता येत नाही आणि बी कुजतं. ‘रोज पाणी घालतो तरी उगवत नाही,’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा त्या ‘रोज’मध्येच असतं. ऊब म्हणाल तर मिरचीला २५ ते ३० अंश सेल्सिअस मानवतं. तेवढ्या उबेत आठ-दहा दिवसांत, कधी दोन आठवड्यांत कोंब दिसतो. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात हेच बी तीन आठवडे तोंड दाखवत नाही. मग माणसं माती उकरून बघतात. उकरलेल्या बियांचा कोवळा मूळतंतू तुटतो, आणि जे उद्या उगवणार होतं ते आज मरतं.

माती हलकी हवी. मी अर्धं कोकोपीट आणि अर्धं चाळलेलं गांडूळखत घेतो. चहाचे कागदी कप घेऊन त्यांच्या तळाला भोकं पाडायची आणि प्रत्येक कपात दोन बिया अर्धा सेंटिमीटर खोल ठेवायच्या. पाणी वरून ओतायचं नाही. कप थाळीत ठेवून थाळीत पाणी घालायचं, माती खालून हवं तेवढं शोषून घेते. अर्ध्या तासानं उरलेलं पाणी टाकून द्यायचं. वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नाही.

आता आडव्या पडणाऱ्या रोपांकडे वळू. त्याची कारणं दोन, आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. रोप उंच, फिकं, दोऱ्यासारखं बारीक होऊन कलत असेल, तर ते उजेडाच्या शोधात धावतं आहे. रोप ठेंगणंच असेल, पण जमिनीलगत देठ पिचून काळपट झाला असेल, तर तो बुरशीचा रोग आहे. शेतकरी त्याला रोप कोलमडणं किंवा मर म्हणतात. सतत ओली माती, कोंदट हवा आणि दाटीनं पेरलेलं बी ही त्याची माहेरघरं. कोलमडलेलं रोप वाचत नाही. कप उचलून बाहेर टाकावा, बाकीच्यांना हवा द्यावी आणि पाणी कमी करावं.

उजेडाची गंमत अशी, की आपला डोळा आपल्याला फसवतो. खोली आपल्याला लख्ख वाटते, कारण बाहुली गरजेप्रमाणे लहान-मोठी होते. रोपाला ती सोय नाही. खिडकीपासून चार-पाच फूट आत गेलं, की उजेड खिडकीतल्याच्या एखाद्या अंशावर येतो. म्हणून रोप खिडकीला चिकटूनच हवं. पूर्वेच्या खिडकीत बारा महिने सकाळचं ऊन येतं, ती उत्तम. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन चांगलं आत येतं, पण मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो तेव्हा तिथं ते फिरकत नाही. समोर दुसरी इमारत उभी असेल, तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगावी आणि दिवसाचे चौदा-सोळा तास चालू ठेवावी. रात्री मात्र अंधार द्यावा.

पहिली दोन पानं ही खरी पानं नव्हेत, ती बीजपत्रं. तोवर रोप शिदोरीवर जगतं, खत मागत नाही. खरी चार-पाच पानं आली, म्हणजे पाच-सहा आठवड्यांनी, त्याला दहा-बारा इंचांच्या कुंडीत हलवावं. गॅलरीत ठेवणार असाल, तर पहिल्या दिवशी तासभरच ऊन दाखवा आणि आठवड्याभरात ते वाढवत न्या. घरात वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं की पानं पांढरी पडून करपतात. पुढे फुलं आल्यावर फांदी हलकेच हलवावी. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागांवर फळतं, पण घरात वारा नसतो, तेव्हा तेवढं काम आपण करायचं. पानं आक्रसून वळू लागली, तर तो चुरडा-मुरडा. पानामागे फुलकिडे किंवा कोळी बसलेले असतात. लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारावं.

इथवर सगळं कृतीचं झालं. पण बी कुठलं घ्यायचं, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलेलं असेल, तर पहिलं पीक भरघोस येईल, पण त्या मिरचीचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर आई-बापाचे गुण विस्कटून येतात. एक रोप ठेंगू, एक उंच, एक तिखट, एक सपक. म्हणजे दर वर्षी दुकानात जाणं आलं. ‘पुसा ज्वाला’ किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ हे सरळ वाण आहेत. भिवापुरी, संकेश्वरी, लवंगी ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची वाणं. त्यांचं बी धरता येतं.

आमच्या अम्मीच्या घरात आढ्याला मिरच्यांची एक माळ लटकलेली असे. घरातलं तिखट संपलं तरी त्या माळेला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ती पुढच्या सालाची मिरची होती. अम्मी गेल्यानंतर दोन-चार वर्षांत घर विकलं गेलं आणि ते वाणही गेलं. त्याचं नावसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं, घरात ती नुसती ‘आपली मिरची’ होती. तसली मिरची मला पुढे कुठल्याच बाजारात मिळाली नाही. वाण असंच जातं, गाजावाजा न होता, एका घरातून. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाता शेकडो गावरान वाणांचं बी जपलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या देशात २००१ सालच्या कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा आणि वाटण्याचा हक्कही दिला आहे. पण हक्क कागदावर राहतो, बी कागदावर राहत नाही.

तेव्हा कुंडीतल्या सर्वांत निरोगी रोपावरची दोन-तीन फळं झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. शेजारी दुसऱ्या जातीची मिरची असेल, तर मधमाशी दोघींचा संकर करू शकते. म्हणून फूल उमलण्याआधीच कळीवर मलमलची पिशवी बांधा आणि फळ धरल्यावर ती काढून त्या देठाला दोरा बांधा. बी काढताना हात सांभाळा. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटतात तिथं तो तयार होतो, आणि तो बोटांवरून डोळ्यांत जातो. बी सावलीत आठवडाभर वाळवा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. बाटलीवर वाणाचं नाव, गाव आणि साल लिहा.

मग त्यातल्या निम्म्या बिया कुणाला तरी देऊन टाका. तुमचं रोप एखाद्या वर्षी मेलं, तर मागायला एक घर असलं पाहिजे.