टेबलाचे पाय किती आत घ्यावेत?

स्वयंपाकघरासाठी लाकडी टेबल करायचे ठरले, की लांबी, रुंदी आणि उंची यांची चर्चा घरात बरीच होते. पाय कडेपासून किती आत असावेत, हे मात्र बहुधा नजरेनेच ठरते. ते अगदी कोपऱ्यांत लावले, तर कोपऱ्याजवळ बसणाऱ्याच्या गुडघ्यांना आडवे येतात. फार आत घेतले आणि कोणी कडेवर बसले, तर टेबल उलटते. त्या वेळी त्यावर उकळत्या आमटीचे पातेले असेल, तर पुढचे सांगायला नको!

हा प्रश्न तुम्ही शिकलेल्या तरफेचाच आहे. टेबल उलटू लागते, तेव्हा एका बाजूच्या दोन पायांच्या बाहेरच्या कडा टेकूचे काम करतात. टेकूच्या एका बाजूला कडेवर बसलेल्या माणसाचा भार, तर दुसऱ्या बाजूला टेबलाचे स्वतःचे वजन. हे वजन टेबलाच्या मध्यावर, म्हणजे गुरुत्वमध्याशी, एकवटले आहे असे धरायचे. भार आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार ज्या बाजूला जास्त, तिकडे टेबल झुकते.

आता आकडे घालून पाहू. टेबल सागाचे, १२० सें.मी. लांब, ७५ सें.मी. रुंद आणि तेवढेच उंच आहे. वरची फळी अडीच सें.मी. जाड आहे. सागाच्या एका घनमीटरचे वजन सुमारे ६५० किलोग्रॅम भरते, म्हणून फळीचे वजन सुमारे १५ किलोग्रॅम होते. पाय आणि पट्ट्या धरून सगळे टेबल ३० किलोग्रॅमचे समजू. ७० किलोग्रॅमचा माणूस आखूड कडेवर टेकला आणि पाय कडेपासून 'क्ष' सें.मी. आत आहेत, तर तोल जाण्याच्या सीमेवर

७० × क्ष = ३० × (६० − क्ष)

यावरून क्ष = १८ सें.मी. (वजन न्यूटनमध्ये मांडले, तरी दोन्ही बाजूंना तोच गुणक येईल, उत्तर बदलणार नाही.) लांब कडेसाठी ६० च्या जागी ३७.५ घाला. उत्तर सुमारे ११ सें.मी. येते. पण ही झाली अगदी शेवटची मर्यादा. माणूस धपकन बसला, तर क्षणभर त्याच्या वजनापेक्षा जास्त भार पडतो. म्हणून मी लांबीच्या टोकांना १५ आणि रुंदीच्या बाजूंना ८ सें.मी. यांच्यापुढे जाणार नाही. टेबल हलक्या लाकडाचे असेल, तर पाय आणखी बाहेर हवेत. १५ किलोग्रॅमच्या टेबलासाठी तुम्हीच हिशेब करून पाहा; उत्तर पाहून नवल वाटेल.

उलटण्याचे भय गेले, तरी टेबल डुगडुगू शकते. कणीक मळताना फळी मागेपुढे रेटली जाते, तळ जमिनीवर रोवलेला राहतो आणि सगळा ताण पायाच्या वरच्या सांध्यावर येतो. हा सांधा धरून ठेवते फळीखालची आडवी पट्टी. पायाच्या तळाशी ५ किलोग्रॅमचा जोर आहे आणि तिथून सांधा ७० सें.मी. वर आहे असे धरा. पट्टी १० सें.मी. रुंद असेल, तर तिच्या वरच्या आणि खालच्या कडांवर ढोबळमानाने ३५ किलोग्रॅमचा ताण येईल, ५ सें.मी. असेल, तर ७० चा!

मग पट्टी १५ सें.मी. का करू नये? कारण खाली माणसाच्या मांड्या मावायला हव्यात. खुर्चीची बैठक ४५ सें.मी. उंच असते. १० सें.मी.च्या पट्टीखाली साडेसतरा सें.मी. जागा उरते, १५ च्या पट्टीखाली केवळ साडेबारा. मांडीची जाडी पंधरा सें.मी.च्या आसपास असते. तेव्हा दहाच बरी.

तरफेचा हिशेब घरीही पडताळता येईल. दोन काड्यापेट्यांवर ३० सें.मी.ची पट्टी ठेवा. पेट्यांच्या बाहेरच्या कडा पट्टीच्या टोकांपासून दहा-दहा सें.मी. आत असू द्या. आता एका टोकावर हलकेच नाणी ठेवत जा. टेकूपासून टोक १० आणि मध्य ५ सें.मी.वर आहे, म्हणून नाण्यांचे वजन पट्टीच्या निम्म्याहून जास्त झाले, की ती उलटेल. नाण्याचे वजन ठाऊक असेल, तर तराजूवाचून पट्टीचे वजनही तुमच्या हाती आले.